कोठले डिमेलो?

आडनांव कळल्याशिवाय आपल्याकडे ओळख पुरी होत नाहीं. आगगाडींत शेजारी बसलेले गृहस्थ ‘जोशी’ म्हणाले कीं, ‘कोठले जोशी?’ हा प्रश्न ठरलेलाच. आणि उत्तर आपल्या आजोळापर्यंत पोंचलें तर दोघांसही केवढा आनंद! वस्तुतः जोशी, कुलकर्णी, देशपांडे हीं सारीं वृत्तींचीं व वतनांचीं नांवें. ज्या गांवीं पंचांग सांगणारा, त्या गांवीं जोशी असावयाचाच. एकट्या कोकणस्थांतच निरनिराळ्या गोत्रांचे जोशी आहेत, मग देशस्थ व कऱ्हाडे यांची गोष्टच नको. सोयरीक जमवितांना आडनांवावर न थांबतां आपण गोत्र विचारतों, तें उगाच नव्हे.

वसई-विरारकडे हा घोटाळा अधिकच वाढतो. तेथील वर्तक घराणें सार्वजनिक कार्यामुळें प्रसिद्ध आहे; वसईचें एक महाविद्यालय अण्णासाहेब वर्तकांच्या नांवें चालतें. तें नांव वाचून पुण्याच्या एखाद्या वर्तकांस आपलेपणा वाटला तर नवल नाहीं. परंतु विरारचे वर्तक सोमवंशी क्षत्रिय आणि पुण्याचे कोकणस्थ. फार कशाला, १७३९ सालीं वसईचा किल्ला घेणारे चिमाजीआप्पा हे भट. हेंच आडनांव काश्मिरांत पंडितांच्या व मुसलमानांच्याही असंख्य घरांत आहे. पण पेशव्यांचें नातें श्रीनगरास नेऊन भिडविण्याचें धाडस अजून कोणीं केलेलें आमच्या ऐकिवांत नाहीं.

मात्र आमचें कुतूहल विशेष जागें होतें तें तेथील ख्रिस्ती बांधवांच्या आडनांवांनीं. इ. स. १५३४ त गुजराथच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली. पुढील दोनशें वर्षांत ज्या कुटुंबांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांस बहुधा बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्मपित्याचें किंवा पाद्र्याचें आडनांव मिळे. एकाच धर्मपित्याचें नांव अनेक घरांस लागे. म्हणून एकाच गांवांत दोन डिमेलो असले, तरी त्यांचें रक्ताचें नातें असेलच असें नाहीं.

हीं नांवें आपल्या कानांस परकीं लागतात खरीं; पण उकलून पाहिलीं तर त्यांची घडण अगदीं ओळखीची निघते. आरंभीचा ‘डि’ अथवा ‘दि’ म्हणजे आपला ‘चा’. मेलो आणि ब्रिटो हीं पोर्तुगालांतील गांवें. तेव्हां डिमेलो म्हणजे मेलोकर आणि दिब्रिटो म्हणजे ब्रिटोकर! सोझा ही तिकडील एक नदी, म्हणून डिसोझा हे सोझाकांठचे. आल्मेडा हें स्पेनच्या सरहद्दीजवळचें तटबंदीचें गांव. परेरा म्हणजे नासपतीचें झाड. आपल्यांत फणसे नाहींत काय? रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा मुलगा. ‘डाबरे’ हें तर इतकें मुरलें आहे कीं, तें मूळचें ‘द आब्रेऊ’ असें सांगितलें तर ऐकणाऱ्यास थट्टाच वाटावी.

मात्र ह्या ब्रिटोकरांच्या वाडवडिलांनीं ब्रिटो कधीं पाहिलें नव्हतें. त्यांचा जन्म गेला नंदाखाल, निर्मळ, गास ह्या गांवांत, पानवेली जोपासण्यांत आणि राजेळी केळ्यांचीं सुकेळीं वाळविण्यांत. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं मराठींत ‘सुबोध बायबल’ लिहिलें, ‘सुवार्ता’ मासिक अनेक वर्षें चालविलें. तरीही २०१९ त त्यांची साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदीं निवड झाली, तेव्हां ख्रिस्ती धर्मगुरू त्या जागीं कांहीं मंडळींस खटकला. पुढें जानेवारी २०२० मध्यें, तेव्हांच्या उस्मानाबादेस, त्यांनीं तें पद भूषविलेंच. २०२४ त ते निवर्तले. मराठीचें वतन आडनांवावर लिहून दिलेलें आहे, असें समजणाऱ्यांची आम्हांस कींव येते.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांस विशेष जवळची वाटेल. ह्याच टापूंत सामवेदी ब्राह्मणांचीं घरें आहेत. त्यांची घरगुती बोली कादोडी; आणि शेजारच्या कुपारी ख्रिस्ती कुटुंबांची बोलीही तीच. कुपारी हा शब्द धर्मपित्याच्या नात्याच्या पोर्तुगीज शब्दावरून आला असें सांगतात. म्हणजे धर्मपित्यानें आडनांव बदललें, देव्हारा बदलला. पण चुलीपाशीं बसून लेंकरांस हांक मारण्याची भाषा कांहीं त्यास बदलतां आली नाहीं. जनगणनेच्या कागदांत हीं घरें निरनिराळ्या रकान्यांत पडतात, आणि तेथील वृद्ध बायका मात्र एकमेकींशीं त्याच बोलींत बोलतात.

२००९ त वसई-विरारची महानगरपालिका झाली आणि वाड्यांच्या जागीं इमारती उठल्या. आतां दारावर नुसतें ‘डिमेलो’ असतें. कोणत्या आळीचे, कोणाच्या वाडींतले, हें सांगूं शकणारीं माणसें थकत चाललीं आहेत. तिकडील तरुण मंडळींनीं एखादी वही घेऊन त्यांच्यापाशीं बसावें. प्रत्येक घराचें गांवांतलें जुनें नांव आणि कादोडींतले चार शब्द उतरून घ्यावेत. पावसाळ्यांत वाडीचीं कामें थंडावतात, तेव्हां म्हाताऱ्यांस बोलावयास सवडही असते.