घर मंजूर, वस्ती नामंजूर

२२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्यात केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या उपस्थितीत प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागातील दुसऱ्या टप्प्याचा मोठा सोहळा झाला. महाराष्ट्रातील २० लाख कुटुंबांना घरकुलाच्या मंजुरीची पत्रे आणि त्यांपैकी १० लाख कुटुंबांच्या खात्यांवर पहिला हप्ता, असा त्या दिवसाचा आकडा होता. हा आकडा थट्टेवारी नेण्याजोगा नाही. ज्याच्या डोक्यावर गळके छप्पर आहे त्याला पक्के घर मिळाले पाहिजे, ही समाजवाद्यांची जुनी मागणी आहे, आणि ती दुसऱ्या कोणी पुरी केली म्हणून तिचे मोल कमी होत नाही. परंतु वाटल्या गेलेल्या त्या पत्रांत एका प्रश्नाचे उत्तर नव्हते. ही घरे जेथे उभी राहतील तेथे पाणी कोठून येणार, सांडपाणी कोठे जाणार आणि आजारी माणसाला न्यायला आलेली गाडी दारापर्यंत पोचणार कशी?

योजनेचा हिशेब पाहिला म्हणजे हे मौन अपघाती नाही हे कळते. सपाट प्रदेशातील घराला १ लाख २० हजार रुपये आणि किमान २६९ चौरस फूट क्षेत्र हे त्याचे मूळ माप. त्यात राज्य सरकारने २०२५ साली ५० हजार रुपयांची भर घातली, पैकी १५ हजार सौरऊर्जेसाठी. शिवाय नव्या वाळू धोरणात घरकुलाला ५ ब्रास वाळू मोफत. पाया, जोते, भिंती, छत, प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र आणि त्यावर पुढचा हप्ता. हिशेब चोख आहे, परंतु तो भिंतीपाशी संपतो. भिंतीबाहेरच्या सर्व गोष्टींसाठी सरकारी भाषेत ‘कृतिसंगम’ असा एक भारदस्त शब्द आहे. त्याचा अर्थ असा की नळ एका खात्याने द्यावा, वीज दुसऱ्याने, शौचालय तिसऱ्याने, आणि सर्वांनी आपापल्या सवडीने एकाच दारात येऊन मिळावे. संगम होण्यासाठी नद्या वाहत्या असाव्या लागतात, ही साधी अट त्या शब्दात धरलेली दिसत नाही.

इंदापूर तालुक्यात वरकुटे बुद्रुक आणि वरकुटे खुर्द अशी दोन गावे आहेत. अशा एखाद्या गावात पन्नास घरकुले मंजूर झाली असे धरून चालू. पाच माणसांचे कुटुंब धरल्यास अडीचशे माणसे. जलजीवन मिशनच्या मापाने माणशी रोज ५५ लिटर म्हणजे दिवसाला १३,७५० लिटर पाणी त्या वस्तीत यावयास हवे. ते आले नाही तर पन्नास घरांतील बाया हंडे घेऊन जुन्या गावात जातील, आणि आले तर त्यातील बहुतेक पाणी सायंकाळपर्यंत सांडपाणी होऊन दारासमोर उभे राहील. काळ्या जमिनीत शोषखड्डा पावसाळ्यात पाणी पीत नाही, हे गावातला कोणताही गवंडी सांगेल. गटाराचा उतार कोणत्या बाजूला, ओढा किती दूर, हातपंप शौचालयाच्या खड्ड्यापासून किती अंतरावर, हे प्रश्न पहिली कुदळ पडण्याआधी सुटू शकतात. नंतर ते केवळ भांडणाचे विषय होतात. गावाची नळयोजना तिच्या आराखड्याच्या वेळी जी गल्ली होती ती पाहून आखलेली असते. पुढे त्या आराखड्याबाहेर उभ्या राहणाऱ्या वस्तीला वाहिनीच्या शेवटच्या तोंडाशी बसावे लागते आणि तेथे पाणी पोचते ते दाबाशिवाय. २०१९ साली सुरू झालेल्या या मिशनची मुदत २०२४ ची होती. ती आता २०२८ पर्यंत लांबली आहे. घरकुलाची मुदत मात्र महिन्यांत मोजली जाते.

त्याहून मूलभूत प्रश्न जागेचा. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याचे नाव यादीत असूनही त्याचे घर कागदावरच राहते. त्याच्यासाठी राज्याची जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना आहे. तिचे माप ५०० चौरस फूट, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहूनही कमी. त्या तुकड्यात घर बसते, शौचालयही दाटीने बसते. शेळी बसत नाही, सरपण बसत नाही, सायकल आडवी लावावी लागते. आणि दोन घरांमधली वाट कोणाच्या मालकीची हा तंटा पहिल्याच वर्षी उभा राहतो. शिवाय पाचशे फुटांचे तुकडे विकावयास निघतात ते गावाच्या कोणत्या अंगाला? चांगली, उंचवट्यावरची, रस्त्याकडेची जमीन त्या पैशात मिळत नाही. मिळते ती ओढ्याकाठची, स्मशानवाटेची, चिखलाची. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला तो योग्यच होता. परंतु घरे अशाच रीतीने बसत गेली तर नाव बदललेल्या वस्तीशेजारी तशीच दुसरी वस्ती सरकारी अनुदानाने तयार होईल. ‘एक गाव एक पाणवठा’ ही बाबा आढावांची मोहीम १९७०च्या दशकात ज्या भिंतीवर आदळत होती, ती भिंत आता सिमेंटची होता कामा नये.

गावाच्या मालकीची जमीन म्हणाल तर गायरान. त्यावर २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या जगपालसिंग निकालाचे बंधन आहे आणि ग्रामपंचायती त्याकडे बोट दाखवून मोकळ्या होतात. परंतु त्याच निकालाने भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाति-जमातींना शासकीय आदेशाने दिलेल्या जागांचा, तसेच शाळा-दवाखान्यासारख्या सार्वजनिक उपयोगाचा अपवाद मानलेला आहे. तो अपवाद वाचण्याचे कष्ट फार थोड्या कार्यालयांत घेतले जातात. दुसऱ्या बाजूला, १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळात तुकडेबंदीचा कायदा मोडून झालेले गुंठ्यागुंठ्याचे व्यवहार नियमित करण्याचा निर्णय राज्याने २०२५ साली घेतला. त्यात अनेक गरीब खरेदीदारांना दिलासा आहे हे मान्य केले पाहिजे. पण साठ वर्षांचे तुकडे एका लेखणीने नियमित होतात, त्या तुकड्यांमधल्या न सोडलेल्या रस्त्यांचे आणि गटारांचे काय, याविषयी तीच लेखणी काही बोलत नाही.

इंदापूर तालुक्याला या विषयाचा धडा नव्याने शिकवण्याची गरज नाही. १९६६ साली भीमेवरील उजनी धरणाची कोनशिला बसली, १९८० साली धरण पुरे झाले, आणि तालुक्याचा नदीकाठ पाण्याखाली गेला. पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर डोकावते. ११७ टीएमसीच्या या जलाशयासाठी लोकांनी गावे सोडली. ‘आधी पुनर्वसन, मगच धरण’ ही घोषणा महाराष्ट्रातील धरणग्रस्तांच्या चळवळीने त्या काळात राज्याच्या गळी उतरवली. १९७६ साली पुनर्वसनाचा कायदा झाला, त्याच्या मागोमाग १९८६ आणि १९९९ चे कायदे आले, आणि उठवलेल्या माणसाला घरासाठी भूखंड देणे पुरेसे नाही, नव्या गावठाणाला पाणी, रस्ते, शाळा, स्मशानभूमी अशा नागरी सुविधा प्रकल्पाच्याच खर्चाने द्यावयाच्या असतात, हे तत्त्व कायद्यात नोंदले गेले. भांडून मिळवलेले हे तत्त्व होते. त्याची अंमलबजावणी किती अपुरी झाली, याची साक्ष जलाशय अजून देतो. कळाशी आणि कुगाव या दोन काठांमधली येजा धरणानंतर बोटीवर आली. २१ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात ती बोट उलटली आणि सहा जण बुडाले. शिरसोडी ते कुगाव पुलाची मागणी त्याआधीपासूनची होती; धरणाला तेव्हा चव्वेचाळीस वर्षे झाली होती. घरे हलवली, माणसांचे नातेसंबंध, बाजार आणि शाळा मात्र दोन्ही काठांवर राहिल्या, हे आखणाऱ्याच्या ध्यानात आले नाही, की ध्यानात येऊनही त्याला पैसे ठेवावेसे वाटले नाहीत?

हा हिशेब इंदापूरला केवळ स्वतःच्या घरांपुरता भोगावा लागतो असेही नाही. पुणे शहराच्या हद्दीत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे आली. त्यांतील कित्येक ठिकाणी इमारती आधी उभ्या राहिल्या, जलवाहिनी आणि मैलावाहिनी मागाहून आखली गेली, आणि मधल्या काळात टँकरचा धंदा भरभराटला. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानी कर्जाचा करार २०१६ साली झाला, ११ केंद्रांची योजना झाली. घरांचा वेग त्या केंद्रांच्या वेगाला कधीच मागे टाकून गेला होता. शुद्ध न झालेले ते पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येऊन थांबते. तिकडे खडकवासल्याचा २०२ किलोमीटरचा उजवा कालवा हवेली, दौंड ओलांडून इंदापुरात संपतो, तेव्हा शहराची तहान भागवून जे उरेल ते शेपटाला. म्हणजे कालव्याने यावयाचे स्वच्छ पाणी वाटेत अडते आणि नदीने येणारे मलिन पाणी बिनचूक पोचते. पुण्यातील सदनिकेच्या जाहिरातीत जलतरण तलाव असतो, त्याच्या सांडपाण्याचा पत्ता इंदापूर तालुका असतो.

आता एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे, कारण तो प्रामाणिक माणसेही घेतात. सोयींचा आग्रह धरला तर घरे लांबतील, आणि गरिबाला चिखलातले का होईना पण घर आज मिळत असेल तर त्याला उद्याच्या गटारासाठी का थांबवावे? हा प्रश्न उर्मटपणे झटकता येणार नाही. केरळात १९७२ साली अच्युत मेनन सरकारच्या काळात गृहनिर्माणमंत्री एम. एन. गोविंदन नायर यांनी ‘एक लाख घरे’ योजना धडाडीने राबवली. भूमिहीनांना घर ही त्या काळात क्रांतिकारक गोष्ट होती. परंतु लहान भूखंडांवर, एकच भिंत दोन घरांत वाटून घेतलेल्या त्या वसाहतींचे नाव पुढे दाटीचे आणि गैरसोयीचे दुसरे नाव झाले. डाव्या सरकारचा हेतू शुद्ध होता. शुद्ध हेतूने नाली वाहत नाही. आणि मुळात आखणीला लागतात ते पैसे थोडे, वेळही थोडा. पायाभरणीपूर्वी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून फक्कीने गल्ल्या आखणे, सहा मीटरची वाट मोकळी ठेवणे, उताराच्या बाजूला नालीची पट्टी सोडणे, टाकीसाठी आणि अंगणवाडीसाठी दोन गुंठे राखणे, एवढ्यानेही वस्तीचे नशीब बदलते. डांबर, काँक्रीट, दिवे मागाहून येऊ शकतात. न सोडलेली वाट मागाहून येत नाही. ती आणावयाची तर कोणाचे तरी नवे घर पाडावे लागते, आणि ते घर कोणाचे असेल हे सांगावयास नको.

हे काम करावयाचे कोणी? १९९३ पासून अमलात असलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीचे उत्तर स्पष्ट आहे: पंचायत राज्य संस्थांनी. डॉ. लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली तेव्हा गाव आणि जिल्हा हे दिल्ली-मुंबईचे निरोपे नव्हेत, राज्याचे खांब आहेत, असे त्यांना म्हणावयाचे होते. प्रत्यक्षात काय झाले? पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकाचा कारभार चालला. २० लाख घरकुलांची मंजुरी झाली त्या दिवशी घरकुले जेथे बसावयाची त्या जिल्ह्याला स्वतःची निवडलेली जिल्हा परिषद नव्हती. लाभार्थ्याची निवड संगणकाच्या यादीने, पैसा थेट खात्यात, पत्र मंत्र्यांच्या हातून. या साखळीत गावाने एकत्र बसून विचार करावा अशी कडीच ठेवलेली नाही. ‘लाभार्थी’ हा शब्दच मोठा सोयीचा आहे. लाभार्थी एकटा असतो, त्याला शेजारी नसतो, आणि ज्याला शेजारी नाही तो गटार मागत नाही.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनीही स्वतःकडे पाहावे. अर्ज भरून देणे, हप्ता अडला तर पंचायत समितीत खेटे घालणे, हे काम आवश्यक आहे आणि पुष्कळांनी ते निष्ठेने केले आहे. पण त्या कामातून माणूस एकेकटा उपकृत होतो. वस्ती उभी राहत नाही. मागणी आता बदलली पाहिजे. ज्या आदेशाने एखाद्या गावात घरकुले मंजूर होतात त्याच आदेशाला त्या घरकुलांचा वस्ती-आराखडा आणि पाणी, नाली, वाट व विजेची तरतूद जोडलेली असावी, वेगळ्या खात्याच्या वेगळ्या वर्षी नव्हे. दलित वस्ती सुधारणेच्या योजनेत राज्याने वस्ती हे खर्चाचे एकक फार पूर्वी मानलेले आहे. तेच एकक घरकुलाला लावण्यास तात्त्विक अडचण कोणतीच नाही. पैशाबद्दल सांगावयाचे तर पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींच्या निधीतील ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून ठेवला होता. तो गावोगाव कोठे खर्ची पडला, याचा जमाखर्च ग्रामसभेत मागता येतो.

वरकुट्यात, आणि तालुक्यातल्या प्रत्येक गावात, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पुढील वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा चर्चेला येतो. त्याआधी कार्यकर्त्यांनी तीन कागद हाती घ्यावेत: मंजूर घरकुलांची यादी, गावातील गायरान व इतर शासकीय जमिनीचे गट क्रमांक दाखवणारा तलाठी कार्यालयातील उतारा, आणि नळयोजनेचा नकाशा. यादीतील प्रत्येक नावासमोर जागा आहे की नाही हे लिहावे, आणि नकाशावर प्रत्येक घराची खूण करावी. जेथे खुणा नळवाहिनीच्या बाहेर पडतील तेथे ठरावाचा मजकूर आपोआप तयार होईल. त्या ग्रामसभेला बायकांना आणावे. मागच्या बाकांवर बसवण्यासाठी नव्हे. हंडा त्यांच्या डोक्यावर आहे, तेव्हा टाकी कोठे बसावी हे त्या सांगतील, आणि इतिवृत्तात त्यांच्या नावानिशी ते लिहून घ्यावे.