फाइल एकच, मग रंग दोन का?

धाराशिव जिल्ह्यातील आम्ही कापडवाले छापील माल बहुतेक सुरतेहून आणतो. लग्नसराईत मागणी वाढली की एकच डिझाइन दोन कारखान्यांत छापली जाते. माल येतो आणि एका थानाचा मेंदी रंग दुसऱ्याशी जुळत नाही. गिऱ्हाईक माल परत करते, शिलाई कारागिराची मजुरी अडकते. कारखानदार म्हणतो, "फाइल तर एकच होती!"

फाइल एक असली तरी मशीन, शाई, कागद किंवा कापड बदलले की रंग बदलतो. पॉलिस्टरवर कागदावरून छपाई उतरवताना सुमारे २०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. ती किंवा वेळ कमीजास्त झाली की छटा हलते. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन तुकडे उन्हात वेगळे दिसू शकतात. मोबाईलचा पडदा तर प्रत्येकाचा निराळा.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, व्यापारी बांधवांनी मोबाईलवरच्या फोटोवर सौदा करू नये. त्याच कापडावर छापलेला वीतभर नमुना मागवावा, उन्हात आणि दुकानाच्या दिव्याखाली पाहावा. पसंत पडल्यास दोघांनी सही करून अर्धा अर्धा ठेवावा. दुसऱ्या कारखान्यालाही याच नमुन्याचा तुकडा द्यावा. रंगातील फरक मोजायला १ ते ५ अशी करड्या रंगाची पट्टी असते. ५ म्हणजे फरक नाही. किमान ४ हवे, असे ऑर्डरवरच लिहावे.

नमुन्याचे चार पैसे वाचवून गिऱ्हाईक गमावणे हा व्यापार नव्हे. तोंडी भरवशावर रंगाचा वाद मिटत नाही. सहीचा तुकडा तो मिटवतो.