साठवणयंत्रणांची पारख कशावर करावी?

बँका, विमा कंपन्या, रुग्णालये आणि सरकारी खाती यांचे सारे दप्तर आता ज्या डेटा साठवणयंत्रणांच्या पोटात जाऊन बसले आहे, त्यांच्या खरेदीची जी पद्धत आपल्याकडे रूढ झाली आहे तिचे स्वरूप थोडक्यात असे : एक लांबलचक तक्ता करावयाचा, एका बाजूस कंपन्यांची नावे व दुसऱ्या बाजूस वैशिष्ट्ये मांडावयाची, ज्याच्यापाशी जे असेल तेथे बरोबरची खूण करावयाची, आणि ज्याच्या खुणा अधिक व दर कमी त्याच्या नावाची शिफारस करून फाईल वर पाठवावयाची. या पद्धतीचे समर्थक तिच्या बाजूने जे सांगतात ते उपेक्षणीय नाही. तक्त्याने सर्वांना एकच माप लागते, कोणाच्या मर्जीला वाव राहत नाही, आणि उद्या हिशेबतपासनिसाने विचारणा केली तर पुढे करावयास कागद असतो. सार्वजनिक पैशाच्या कारभारात हे गुण थोडे नव्हेत. आमचा आक्षेप आहे तो तक्त्याच्या रकान्यांवर. यंत्रणा सुस्थितीत असताना काय काय करू शकते एवढेच ते रकाने विचारतात. तिचा एखादा भाग निकामी झाल्यावर ती काय करील हे विचारीतच नाहीत, आणि या प्रश्नाचे उत्तर तिच्या रचनेत दडलेले असते.

‘स्नॅपशॉट’, म्हणजे एका विशिष्ट क्षणीची डेटाची स्थिती जपून ठेवण्याची सोय, हा रकाना घ्या. त्यात बहुतेक सर्वांपुढे खूण सापडेल. परंतु एका रचनेत, स्नॅपशॉट घेतल्यानंतर एखाद्या ब्लॉकवर प्रथमच नवा मजकूर लिहावयाचा झाला की आधी जुना ब्लॉक वाचला जातो, तो राखीव जागेत नेऊन लिहिला जातो, आणि मगच नवा मजकूर मूळ जागी उतरतो. एका लेखनापोटी तीन कामे. दुसऱ्या रचनेत, म्हणजे १९९२ साली स्थापन झालेल्या नेटअ‍ॅपने आपल्या वॅफल या फाइलव्यवस्थेत जी तऱ्हा पत्करली तिच्यात, नवा मजकूर कोऱ्या जागीच लिहिला जातो, जुना जेथल्या तेथे राहतो, आणि जुन्या ब्लॉकांची मूळसूची जपून ठेवली की स्नॅपशॉट झाला. पहिलीत तासातासाला स्नॅपशॉट ठेवू गेल्यास दिवसाचा व्यवहार रेंगाळेल. दुसरीत तो भार सहसा जाणवणार नाही, मात्र मजकूर विखुरत गेल्याने सलग वाचन मंदावण्याचा आणि मोकळी जागा संपत आली की सारेच काम जड होण्याचा संभव राहील. तक्त्यात दोहोंपुढे खूण एकच! सब घोडे बारा टक्के म्हणतात ते यालाच.

दुसरा पक्ष याहून चतुर आहे. त्याच्या मते रचनेची चर्चाच आता कालबाह्य झाली. फिरत्या तबकड्यांच्या जागी फ्लॅश आली, खास घडवलेल्या यंत्रांच्या जागी साध्या सर्व्हरांवर चालणारे सॉफ्टवेअर आले, तेव्हा आत काय आहे याची उठाठेव कशाला? यातील पूर्वार्ध खरा आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कवर हवा तो भाग हेडखाली येईपर्यंत सरासरी चार मिलिसेकंदांहून अधिक वेळ नुसता वाट पाहण्यात जातो, आणि १९९० साली ईएमसीच्या सिमेट्रिक्सने भरघोस कॅश पुढे आणली ती अशी प्रतीक्षा झाकण्यासाठीच. फ्लॅशने ती प्रतीक्षाच संपवली. परंतु वेग वाढला म्हणून बिघाडही संपला, असे अनुमान काढणे हा तर्कदोष होय. दोन कंट्रोलरांच्या यंत्रणेत आलेला मजकूर एकाच्या कॅशमध्ये उतरतो, त्याची प्रत दुसऱ्याकडे जाते, आणि मग सर्व्हरला पोच मिळते. दोघेही साठ टक्के भाराने चालत असतील तर एक बंद पडताच उरलेल्याच्या माथी एकशेवीस टक्के भार येतो. शिवाय प्रत ठेवावयास जोडीदार न उरल्याने कित्येक यंत्रणांत तो कॅशवर विसंबणे सोडून प्रत्येक लेखन थेट खाली उतरवू लागतो. उलट सेफसारख्या, अनेक नोडांवर पसरलेल्या यंत्रणेत विसांपैकी एक नोड गेला तर त्याचा भार उरलेल्या एकोणिसांत वाटला जातो. परंतु तेथे सर्व प्रती नेटवर्कवरून जागच्या जागी पोहोचेपर्यंत लेखनाची पोच अडून राहते, आणि हरवलेल्या प्रती पुन्हा घडवण्याची वर्दळ बिघाडानंतर वेगळीच सुरू होते. फ्लॅश दोहोंत असू शकते, सॉफ्टवेअर तर दोहोंत आहेच. संकटातील वर्तन मात्र सर्वस्वी भिन्न.

म्हणून आमचे प्रतिपादन असे की, साठवणयंत्रणांची तुलना बिघाडाच्या क्षणावरूनच केली पाहिजे. हा विचार आम्ही नव्याने काढलेला नाही. या शास्त्राच्या पायातच तो आहे. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी स्वस्त डिस्कांच्या समूहाचा, म्हणजे रेडचा, पुरस्कार करणारा जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या युक्तिवादाचा कणा बिघाडाचे गणित हाच होता : सरासरी ३०,००० तास टिकणाऱ्या शंभर डिस्का संरक्षणाविना एकत्र बांधल्या, तर त्यांतली एखादी सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, जाणार. रेडचे निरनिराळे स्तर कल्पिले गेले ते या संकटातून किती खर्चात व कसे तरावे हे दाखवण्यासाठी. तीच कसोटी आज लावून पाहा. २० टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट या वेगाने, दुसरे कोणतेही काम न करता, नव्याने भरावयाची म्हटली तरी सुमारे २८ तास लागतात. या मुदतीत रेड-५ च्या गटातील दुसरी डिस्क गेली तर गट बुडाला, रेड-६ चा मात्र तगतो. आयबीएमने आपलीशी केलेली एक्सआयव्ही ही यंत्रणा घ्या. तिच्यासारख्या, डेटाचे बारीक तुकडे सर्व डिस्कांवर पसरणाऱ्या रचनेत साऱ्या डिस्का मिळून पुनर्बांधणी करतात, म्हणून ही मुदत फारच आखूड होते. पण दोनच प्रती असताना त्या आखूड मुदतीत दुसरी डिस्क गेलीच, तर हानी एका गटापुरती न राहता पुष्कळ व्हॉल्यूमना थोडी थोडी पोहोचते. यांपैकी कोणता धोका आपल्याला परवडेल, हा खरेदीचा मुख्य प्रश्न होय.

बिघाडाच्या कसोटीचा ढळढळीत दाखला मुंबईतच घडला. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० वाजता थांबले ते दुपारी ३.४५ वाजता पुन्हा सुरू झाले. बाजाराने नंतर केलेल्या खुलाशानुसार, मुख्य केंद्र व नजीकचे आपत्कालीन केंद्र यांना जोडणाऱ्या दूरसंचार वाहिन्या वाटेवरील खोदकामामुळे अस्थिर झाल्या, आणि त्यासरशी मुख्य केंद्रातील स्टोरेज तेथल्याच सर्व्हरांच्या हाती लागेनासे झाले. वाहिन्या दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या होत्या. डेटाचा कणही हरवू नये अशी तजवीज होती. म्हणजे खुणा करणाऱ्याला हात आखडण्याचे कारण नव्हते. वाहिनी तुटल्यावर मुख्य केंद्राने एकट्याने पुढे चालावयाचे की थांबावयाचे, हा निवाडा मात्र त्या दिवशी ठरल्याप्रमाणे झाला नाही. असा निवाडा रचनेत व जुळणीत मुरलेला असतो, आणि वाहिनी मुद्दाम तोडून पाहिल्याविना त्याची खातरजमा होत नाही.

तेव्हा निविदेच्या मसुद्यात रकाने हवेत ते असे : मजकूर किती ठिकाणी पोहोचल्यावर पोच देता, एक भाग गेल्यास उरलेल्यांवर भार किती, पुनर्बांधणीस अवधी किती, आणि त्या अवधीत आणखी काय गेले तर काय हरवेल, केंद्रांतील दुवा तुटल्यास निवाडा कोण करतो. आणि करारनाम्यात अट हवी ती अशी, की शेवटचा हप्ता चुकता करण्यापूर्वी पूर्ण भार चालू असताना एक कंट्रोलर उपसावा, एक डिस्क काढावी, एक वाहिनी तोडावी, आणि जे घडेल त्याची लेखी नोंद दोन्ही पक्षांनी सहीनिशी करावी.

लहान सहकारी बँकेस ही परीक्षा परवडणार नाही, असे कोणी म्हणेल. पण यंत्र ग्राहकांच्या सेवेत रुजू होण्यापूर्वी तिला एखादी रात्र पुरते, आणि त्या रात्री त्यावर कोणाचेही खाते नसते. परीक्षा टाळली, तर बिघाड ती आपल्या सवडीने, भर कामकाजाच्या दिवशी घेईल. विक्रेता ही अट नाकारील, असेही सांगितले जाते. नाकारू द्या. जो आपले यंत्र आपल्याच तंत्रज्ञांच्या देखत अर्धे बंद करून दाखवावयास धजत नाही, त्याच्या उरलेल्या आश्वासनांची किंमत किती धरावी हे ठरवणे खरेदीसमितीस अवघड जाऊ नये.