युरोपची वाट इंग्रजीची नव्हे

मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांसारख्या कंपन्या आल्या आणि नागपुरात चांगल्या इंग्रजीला भाव आला. याच इंग्रजीच्या बळावर युरोपात शिक्षकाची नोकरी मिळवण्याचे स्वप्न आकर्षक असले, तरी त्याचे गणित तपासून पाहायला हवे.

३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले. २०२१ च्या प्रारंभापासून ब्रिटिश शिक्षकांचा तेथे मुक्तपणे काम करण्याचा हक्कही संपला. ही पोकळी भारतीय भरून काढतील, हा तर्क मात्र फसवा आहे. संघाबाहेरच्या उमेदवाराला कामाचा परवाना लागतो आणि तो देण्यापूर्वी, संघातील योग्य उमेदवार मिळाला नाही, हे अनेक देशांत मालकाला दाखवावे लागते. आयरिश शिक्षकापुढे हा अडथळाच नाही. त्यात अनेक संस्थांना मातृभाषा इंग्रजी असलेलेच शिक्षक हवे असतात. ‘सेल्टा’सारखे प्रमाणपत्र अध्यापनाची तयारी सिद्ध करते, परवाना मिळवून देत नाही.

युरोपची खरी गरज वेगळी आहे. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. त्यात मागणी होती ती परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा कुशल हातांना आणि त्यासाठी शिकायची होती जर्मन.

तेव्हा प्रशिक्षणाचे शुल्क भरण्यापूर्वी नागपूरच्या तरुणांनी परवान्याचे नियम वाचावेत. इंग्रजीच्या शिक्षकाला विद्यार्थी मिहानच्या परिसरातच अधिक मिळतील.