पोच नाही, तर हक्क नाही

मार्च लागला की कोरडवाहू गावात सगळी हालचाल थांबते. कपाशीची शेवटची वेचणी संपलेली असते, पऱ्हाट्या उपटून बांधावर पडलेल्या असतात. ज्वारी खुडून झालेली, कडबा रचून झालेला. ज्याच्या विहिरीला पाणी तो थोडा भाजीपाला करतो, बाकीच्यांनी मृगाची वाट पाहायची. मधल्या तीन महिन्यांत घर चालवायचे, लग्नकार्य उरकायचे आणि बी-भरणाचे पैसेही जमवायचे. कापसाचे पैसे तर आले त्याच दिवशी कृषी केंद्राच्या आणि सावकाराच्या वहीत जिरलेले असतात.

अशाच एका मार्चमध्ये आमच्या गावातल्या एक मावशी रोजगार हमीचे काम मागायला गेल्या. घरी अडीच एकर कोरडवाहू, खाणारी तोंडे पाच. कचेरीतला माणूस गोड बोलला. म्हणाला, "मावशी, काम निघाले की निरोप धाडतो." मावशी विश्वासाने परत आल्या. मे संपला तरी निरोप आला नाही. जूनमध्ये कोणीतरी सांगितले म्हणून त्या बेरोजगार भत्ता मागायला गेल्या. तेव्हा त्याच माणसाने विचारले, "तुम्ही काम मागितल्याचा कागद कुठे आहे?"

कागद नव्हता, म्हणजे मावशींनी काम मागितलेच नव्हते. वही काढून पाहिली तर त्या उन्हाळ्यात गावातल्या एकाही माणसाने काम मागितल्याची नोंद नव्हती. सरकारी हिशोबाने आमच्या गावात कोणी बेकारच नव्हते!

शेतकरी बंधूंनो आणि मायबहिणींनो, आज लिहायचे आहे ते या एका कागदाबद्दल.

रोजगार हमी ही दिल्लीने आपल्याला दिलेली देणगी नाही. तिचा जन्म याच मातीतला. १९६५ साली सांगली जिल्ह्यात विसापूरला वि. स. पागे यांनी तिचा पहिला प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला बसली आणि महाराष्ट्राला कळले की पाऊस नसला तरी माणसाच्या हाताला काम देता येते. १९७७ साली राज्याने कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. देशाचा कायदा झाला तो त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, २००५ साली.

या कायद्यांच्या नावात 'हमी' हा शब्द आहे, आणि त्या शब्दाला अर्थ आहे. सरकारी योजना म्हणजे मर्जी; पैसा असला तर मिळेल, नसला तर नाही. हमी मोडली तर मोडणाऱ्याला दंड भरावा लागतो. तो दंड म्हणजे बेरोजगार भत्ता. १९७७ च्या कायद्यात तो रोजचा किमान एक रुपया होता. २००५ च्या कायद्याने ठरवले की मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम दिले नाही, तर पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव हिस्सा आणि त्यापुढे त्या आर्थिक वर्षात किमान निम्मा भत्ता द्यायचा. म्हणून भत्ता मागताना मान खाली घालायचे कारण नाही. ती भीक नव्हे. शब्द देऊन फिरणाऱ्याकडून वसूल करायचे ते देणे आहे.

मग हे देणे कोणाला मिळाल्याचे ऐकू का येत नाही? कारण साधे आहे. २००५ च्या कायद्यात अकुशल कामाची मजुरी केंद्राच्या तिजोरीतून जायची, पण भत्ता द्यायचा तो राज्याने स्वतःच्या खिशातून. काम न देण्याचा दंड राज्याला, आणि तो लागू होतो मागणीच्या तारखेपासून. मग तारीखच लिहिली नाही तर? ना मागणी, ना उशीर, ना दंड. पोच न देणे हा कारकुनाचा आळस आहे असे आपण समजतो. आळस असेलही, पण वरच्या तिजोरीला परवडणारा असा तो आळस आहे. एरवी चहाच्या कपाचीही नोंद ठेवणाऱ्या कचेरीत फक्त आपल्या अर्जालाच वही कशी सापडत नाही?

तेव्हा तोंडी मागणी करून घरी येऊ नका. महाराष्ट्रात काम मागण्याचा अर्ज म्हणजे नमुना ४ आणि त्याची पोच म्हणजे नमुना ५. पोच हातात पडेपर्यंत पायरी उतरू नका. पोचेवर तारीख, सही, शिक्का पाहा. गावात घेत नसतील तर तालुक्याला कार्यक्रम अधिकाऱ्याकडे द्या. तेथेही टाळाटाळ झाली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, म्हणजे पोस्टाची पावती आणि तारीख तरी हाती राहते. एकट्याने जाऊ नका. एका माणसाला उद्या ये म्हणता येते, तीस जणांना म्हणता येत नाही.

अर्ज कधी द्यायचा, यातही आपण चुकतो. घरातली ज्वारी संपत आली की आपल्याला अर्जाची आठवण होते. मग पुढचे १५ दिवस हात बांधून बसावे लागते. पण आगाऊ मागणी करता येते. आगाऊ अर्ज केला असेल, तर मागणीनंतरचे १५ दिवस किंवा ज्या तारखेपासून काम मागितले ती तारीख, यातले जे नंतर येईल तेव्हापासून भत्ता लागू होतो असे २००५ च्या कायद्याचे म्हणणे. म्हणजे वेचणी चालू असताना, १५ जानेवारीलाच अर्ज टाकला आणि "१ फेब्रुवारीपासून ३१ मार्चपर्यंत काम पाहिजे" असे लिहिले, तर ते १५ दिवस आपण कापूस वेचत असतानाच निघून जातात. किती दिवस काम पाहिजे तेही स्पष्ट लिहा. मागितलेली मुदत संपली की भत्त्याची जबाबदारीही संपते. १४ दिवस मागणाऱ्याला त्यापुढचा भत्ता मिळत नाही.

हिशोब करून पाहू. २०२५-२६ साली महाराष्ट्रातला दर रोजचा ३१२ रुपये होता. त्याचा पाव हिस्सा ७८, निम्मा १५६. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च हे ५९ दिवस. पहिल्या ३० दिवसांचे २,३४० रुपये, पुढच्या २९ दिवसांचे ४,५२४ रुपये. सुट्टीचे दिवस न वजा करता ढोबळ बेरीज ६,८६४ रुपये. काम न देता बसवून ठेवल्याबद्दल एका माणसामागे एवढे देणे लागते. पेरणीच्या तोंडावर सावकाराच्या दारात जाणे टळायला एवढी रक्कम पुष्कळांना पुरते.

दुसरी तारीख लक्षात ठेवायची ती ३१ मार्च. दिवसांचा हिशोब आर्थिक वर्षाचा. या वर्षी न वापरलेले दिवस पुढच्या वर्षात जमा होत नाहीत, ३१ मार्चला ते बुडतात. आपला रिकामा हंगाम या तारखेने मधोमध कापला आहे. फेब्रुवारी-मार्च जुन्या वर्षात, एप्रिल-मे नव्या वर्षात. म्हणून अर्ज दोन करायचे: एक जानेवारीत, दुसरा मार्चच्या मध्यावर. आणि कामाचा लेखी निरोप आला की जा. काम नाकारले किंवा १५ दिवसांत हजर झाला नाही, तर तीन महिने भत्ता मागता येत नाही असे त्याच कायद्यात होते. आपली बाजू आपणच कच्ची करू नये.

आता मजुरीच्या उशिराबद्दल. हजेरीपट बंद झाल्यापासून १५ दिवसांत मजुरी द्यायची, उशीर झाला तर १६ व्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के भरपाई द्यायची, असा नियम होता. सहा दिवसांची मजुरी १,८७२ रुपये. त्यावर दिवसाला ९४ पैसे! महिनाभराचे २८ रुपये. त्याच महिन्यात मजुराने शेकडा पाच दराने तेवढीच रक्कम सावकाराकडून उचलली तर ९४ रुपये व्याज होते. म्हणजे सरकार मजुराचे पैसे वापरते आणि फरक मजूर भरतो. शिवाय उशीर मोजायचा तो खालच्या कचेरीने पैसे पाठवण्याचा आदेश काढेपर्यंतच. त्यापुढे दिल्लीत लागलेला वेळ कोणी मोजतच नव्हते. मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वराज अभियानाच्या खटल्यात सांगितले की या उशिराची जबाबदारीही केंद्राला टाळता येणार नाही. निकाल झाला, पण भरपाई आपणहून कोणाच्या खात्यात येत नाही. तीही लिहून मागावी लागते, आणि तिचीही पोच घ्यावी लागते.

१ जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारवर आधारित पद्धतीने देणे सक्तीचे झाले. त्यामुळे पैसे आले नाहीत अशी तक्रार करण्याआधी आपले आधार कोणत्या बँकेच्या कोणत्या खात्याला जोडले आहे ते विचारून घ्या. दोन-तीन खाती असणाऱ्याचे पैसे विसरलेल्या खात्यात पडून असल्याचे पुष्कळदा आढळते. जॉबकार्डावरचे नाव आणि आधारवरचे नाव एकच आहे ना, तेही पाहा.

काही शेतकरी भाऊ म्हणतील, रोजगार हमीमुळेच तर वेचणीला माणूस मिळत नाही, तिची भलामण कशाला? त्यांना एवढेच विचारतो, वेचणी ऑक्टोबर ते जानेवारी. आपण काम मागतो आहोत फेब्रुवारी ते मे. या दोहोंत भांडण कोठे आहे? आणि दोन-तीन एकरांचा कोरडवाहू शेतकरी दिवाळीला मालक असतो, एप्रिलमध्ये तोच हजेरीपटावर असतो. कापसाला खर्च भरून निघेल असा भाव मिळाला असता तर त्याला पाटीखोरे उचलावे लागले नसते. तो भाव मागणे सोडायचे नाही. पण तोवर कायद्याने आपले असलेले देणेही सोडायचे नाही.

हे सगळे आताच लिहायला कारण आहे. २००५ च्या कायद्याच्या जागी आणण्यासाठी संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये नवा कायदा मंजूर केला, २१ डिसेंबरला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्यात दिवस १०० चे १२५ केले आहेत. १५ दिवसांची मुदत आणि बेरोजगार भत्ता ठेवला आहे. पण आपल्यासारख्या राज्यावर खर्चाचा ४० टक्के वाटा टाकला आहे, केंद्राने ठरवून दिलेल्या रकमेपुढचा खर्चही राज्याचाच. आणि पेरणी-कापणीच्या काळात वर्षात एकूण ६० दिवस कामे बंद ठेवायची तरतूद आहे.

आता विचार करा. नुसत्या भत्त्याची झळ होती तेव्हा वही सापडत नव्हती. मजुरीचाही भार आल्यावर ती सापडेल काय? कागदावर २५ दिवस वाढले म्हणून खुश होऊ नका. शून्य मागणीला १०० दिवसांची हमी दिली काय आणि १२५ ची दिली काय, हातात शून्यच येते. बंदीचे ६० दिवस कोणते, हेही वर बसून ठरू देऊ नका. फेब्रुवारी ते मे या काळातला एकही दिवस कोरडवाहू भागात बंद राहता कामा नये, असा ठराव ग्रामसभेत करून ठेवा.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना भाषण आणू नका. आपल्या गावातून किती जणांनी काम मागितले, किती पोची मिळाल्या, किती दिवसांत काम निघाले आणि मजुरी कोणत्या तारखेला जमा झाली, एवढे चार रकाने वहीच्या एका पानावर लिहून आणा. प्रत्येक पोचेची झेरॉक्स सोबत ठेवा. पन्नास गावांची पन्नास पाने टेबलावर पडली की आपल्या भागात बेकारी नाही असे म्हणायला कोणाची जीभ रेटते ते पाहू.

मावशींनी यंदा जानेवारीतच अर्ज दिला. पोच त्यांनी घडी करून बियाण्याच्या पावत्यांच्या डब्यात ठेवली आहे. तुमची कुठे आहे?