कृषी केंद्राचा ऑनलाइन मदतनीस : काय सोपवावे, काय नाही?

खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यातील कृषी केंद्रचालकांचा फोन सतत वाजतो. दूरवरून फोन, व्हॉट्सॲप सांभाळणारा व्हर्च्युअल असिस्टंट अशा वेळी कामी येतो. मात्र कामाची वाटणी आधीच ठरवायला हवी.

हे सोपवा : दुकानाची वेळ, मालाची उपलब्धता, बिलांची नोंद, उधारीची आठवण. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे लिहून द्या. रोज संध्याकाळी दहा मिनिटे आढावा घ्या.

हे नको : बँकेचा ओटीपी आणि फवारणीचा सल्ला. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला. कीटकनाशकाचे प्रमाण किंवा मिश्रण विचारणारा फोन थेट मालकाकडेच वळवावा. विक्रीचा परवाना त्याच्या नावावर आहे. उत्तराची जबाबदारीही त्यानेच घ्यावी.