प्रौढांचे बीजगणित

बीजगणिताचे नाव निघताच पुष्कळ वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळावर आठी उमटते. ‘तेवढे एक आम्हांला कधी जमले नाही,’ असे ती हसत हसत सांगतात. त्या हसण्याआड कित्येकांची शाळा कायमची सुटलेली असते, हे मात्र ऐकणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

अशा मंडळींनी पुन्हा पाटी हाती धरावयाचे ठरविले, तर वाट बंद नाही. सतरा क्रमांकाचा अर्ज भरून त्यांना दहावीच्या परीक्षेस खाजगी विद्यार्थी म्हणून बसता येते. ही पायरी चढल्यावाचून कित्येक नोकऱ्यांचे दार उघडत नाही. तथापि त्या परीक्षेत गणिताच्या दोन प्रश्नपत्रिकांपैकी एक, ४० गुणांची, बीजगणिताचीच असते. आणि चाळिशीतील माणूस नेमका तेथे अडखळतो. लोक म्हणतात, ‘वय झाले, आता डोके चालावयाचे नाही.’ मला हे म्हणणे मान्य नाही. माझ्या मते प्रौढ माणसाजवळ बीजगणिताचा विचार असतोच. त्याला ठाऊक नसते ती केवळ त्याची लिपी.

एक उदाहरण घेऊ. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यात देवगाव रंगारी नावाचे गाव आहे. तेथील एक शेतकरी कांदा विकावयास निघाला आहे, असे समजा. गोणीस ४५० रुपये भाव आहे. गाडीचे भाडे १,८०० रुपये जाणार आहे आणि बियाण्याचे देणे फेडण्यासाठी हातात ९,००० रुपये उरावयास हवेत. गोण्या किती विकाव्या? तो चालता चालता ९,००० मध्ये भाडे मिळवितो, आलेल्या १०,८०० ला ४५० ने भागतो आणि सांगतो, ‘चोवीस.’ आता हेच त्याला कागदावर असे लिहून दाखवा :

४५०क्ष − १,८०० = ९,०००

तो कागद बाजूस सारील आणि म्हणेल, ‘हे आपल्याला येत नाही.’ वास्तविक, पक्षांतर करताना चिन्ह बदलते हा आपल्या वहीतील नियम त्याने आताच पाळला. शिवाय त्याचे कारणही त्याला ठाऊक आहे. भाडे कापले जाणार, म्हणून ते आधी जमेस धरले पाहिजे. आपल्यापैकी किती जणांना ते कारण सांगता येईल? नियम तेवढा सर्वांना पाठ असतो.

माझे हे मत काही नवे नाही. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ रचला. त्याचा एक भाग बीजगणिताचा आहे. बीजगणित म्हणजे अक्षरे नव्हेत, बुद्धी हेच खरे बीज होय, अशा अर्थाचे त्यांनी स्वतःच लिहून ठेविले आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिला. (संत चांगदेव ते निराळे.) या मठाची हकीकत सांगणारा इ. स. १२०७ चा शिलालेख पाटणे येथे सापडला. कन्नडहून औट्रम घाट उतरून चाळीसगावाकडे गेले, की पाटणादेवीचे ते रान फार दूर नाही.

भास्कराचार्य पहिल्या अज्ञात संख्येस ‘यावत्तावत्’ म्हणत. म्हणजे ‘जितकी असेल तितकी’. अशा संख्या अधिक असल्या, तर पुढच्यांना रंगांची नावे देत : कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना त्यांची आद्याक्षरे का, नी, पी, लो एवढीच घ्यावयाची. ज्या गावाच्या नावातच रंगारी आहे, तेथे तरी ही चिन्हे परकी वाटू नयेत! ‘क्ष’ पाहून ज्याला धडकी भरते, त्याने गोण्यांच्या संख्येस खुशाल ‘गो’ म्हणावे. उत्तर चोवीसच येईल.

अक्षरांपेक्षा अधिक छळते ते वजाबाकीचे चिन्ह. ५ − (−३) याचे उत्तर ८ कसे, हे शाळेत न उमगल्यामुळे अनेकांनी पुढचे सारे सोडून दिलेले असते. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये धन आणि ऋण यांचे नियम दिले. हे शब्दच किती बोलके आहेत! ऋण म्हणजे कर्ज. एखाद्याच्या कनवटीस ५०० रुपये आहेत आणि डोक्यावर ३०० रुपयांचे कर्ज आहे, तर त्याची खरी पुंजी २०० रुपये. उद्या सावकाराने ते कर्ज सोडून दिले, तर पुंजी ५०० होते. ऋण वजा केले, ३०० रुपये वाढले. ज्याने कर्ज काढले आहे आणि फेडले आहे, त्याला हे मुलांहून लवकर पटते. अपूर्णांकांना मात्र अशी जवळची वाट नाही. तेथे रोज दहापाच उदाहरणे सोडविण्यावाचून गत्यंतर नाही.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये दिवसा राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि गावोगावची मोठी माणसे लिहूवाचू लागली. ही कामे थोर खरीच. तथापि प्रौढांना सही आली, चार आकडे आले, की पुरे झाले, अशी समजूत पुष्कळांच्या मनात अजून घर करून आहे. ती मला कोती वाटते. ज्याला हिशेब येतो त्याने समीकरणापाशी का थांबावे?

त्याला थांबविणारी गोष्ट बहुधा लाज असते, आणि येथे घरातील मुलांचा संबंध येतो. आई दिवसाचे काम आटोपून रात्री वही उघडते. सातवीतला मुलगा डोकावतो आणि हसतो, ‘आई, एवढे सोपे येत नाही तुला?’ त्या एका वाक्याने वही मिटते. मुलगा जर जरा थांबता, तर त्याला निराळेच काही दिसते. मोठी माणसे मुलांसारखी ‘हो’ म्हणून पुढच्या ओळीवर जात नाहीत, ती ‘का?’ म्हणून विचारतात. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना कोणत्याही संख्येने भागता येते, मग शून्यानेच का नाही, असे आईने विचारले, तर त्या मुलाला बहुधा उत्तर सुचणार नाही. त्याने तो प्रश्न वहीच्या समासात लिहून घ्यावा, दुसऱ्या दिवशी वर्गात गुरुजींना विचारावा, आणि रात्री उत्तर घेऊन आईच्या शेजारी बसावे.